दातांना तार लावायची आहे? आधी हे विचारून घ्या

तार बसवायचं काम एका बैठकीत उरकतं. त्यानंतर साधारण दीड ते दोन वर्षं, दर चार-सहा आठवड्यांनी दवाखान्याची फेरी ठरलेली. त्यामुळे शहरातल्या स्वस्त ‘पॅकेज’पेक्षा शाळा-नोकरी सांभाळून जाता येईल असा जवळचा डॉक्टर बरा. फेऱ्या चुकल्या की उपचार लांबतो.

बीडीएस या दंतवैद्यकीच्या पदवीनंतर ऑर्थोडॉन्टिक्स, म्हणजे दात सरळ करण्याच्या विषयात तीन वर्षांचं एमडीएस हे पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्ट. तार तोच लावणार का, हे स्पष्ट विचारा. महाराष्ट्रात डॉक्टरांची नोंदणी राज्य दंत परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका. तालुक्याच्या गावी ऑर्थोडॉन्टिस्ट बहुतेक वेळा महिन्यातून एक-दोनदा ठरल्या दिवशी येतात. त्यात गैर काही नाही, पण मधल्या दिवसांत ब्रॅकेट (तार अडकवायला दातावर चिकटवलेला छोटा तुकडा) निघालं तर कोण बघणार, हे आधीच ठरवून घ्या.

खर्च झेपत नसेल तर दंत महाविद्यालय गाठा. मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर, शिवाय नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोव्यात बांबोळी. तिथे एमडीएसचे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. पैसे कमी लागतात, वेळ जास्त. विद्यार्थी पास होऊन गेला तर आपली केस पुढे कोणाकडे जाईल, तेही विचारा.

तारेआधी ओपीजी (सगळ्या दातांचा आणि जबड्याचा) आणि सेफॅलोग्राम (डोक्याचा बाजूने) हे दोन एक्स-रे, दातांचे साचे किंवा स्कॅन आणि फोटो होतात. नुसतं तोंडात डोकावून लगेच ब्रॅकेट लावायला निघालेल्या ठिकाणाहून उठून या. किडलेले दात भरणं आणि दात साफ करून घेणं हेही आधीच. जागा कमी असेल तर दात काढायला सांगतात. बहुधा सुळ्यामागच्या उपदाढा. का काढायच्या, हे साच्यावर दाखवायला सांगा. कोटेशन लेखी घ्या आणि त्यात तुटलेल्या ब्रॅकेटचे पैसे व शेवटचा रिटेनर (तार निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारं साधन) धरलाय का ते बघा. वाद नेमका तिथेच होतो.

पहिले तीन-चार दिवस दात ठणकतात. वरण-भात, खिचडी, मऊ पोळी खा. गालाला टोचत असेल तर टोचणाऱ्या ब्रॅकेटवर ऑर्थो वॅक्स, म्हणजे तारेसाठीचं मेण, लावा, पण आधी ते ब्रॅकेट कापसाने कोरडं करा. ओल्या ब्रॅकेटवर मेण चिकटत नाही, आणि मग लोक मेणाला नावं ठेवतात. वाटाण्याएवढा गोळा पुरतो.

दात सरळ होऊ लागले की तार मागच्या बाजूने सरकून बाहेर येते आणि गालात रुतते. घाबरायचं कारण नाही. दवाखान्यात टोक कापून देतात, तोवर मेण. सुटलेलं ब्रॅकेट तारेवर लटकत असेल तर ओढू नका. फेविक्विकचा प्रयोग तर मुळीच नको. फोन करून वेळ घ्या. एकच ब्रॅकेट पुन्हापुन्हा निघत असेल तर दर वेळी चिक्कीला दोष देऊ नका. वरचा दात खालच्या ब्रॅकेटवर आपटतोय का, ते तपासून घ्या. तसं असेल तर तोंड मिटताना वरचे-खालचे दात थोडे दूर राहावेत म्हणून दाढांवर सिमेंटचा उंचवटा देतात.

चिक्की, ऊस, फुटाणे, सुपारी, कणसाला थेट दात लावणं हे सगळं बंद. पेरू-सफरचंदाच्या पातळ फोडी करा. तार ब्रॅकेटला बांधणारं पारदर्शक रबर हळदीने चार दिवसांत पिवळं पडतं. आमटी-भाजी सुटणार नसेल तर राखाडी रबर मागा.

ब्रश दोनदा करायचा: ब्रॅकेटच्या वरून, मग खालून, ब्रश तिरका धरून. तारेखालून इंटरडेंटल ब्रश (फटीत जाणारा बारीक ब्रश) फिरवा. टूथपेस्ट फ्लोराइडची हवी. इथे आळस केला तर तार निघाल्यावर ब्रॅकेटच्या जागेभोवती पांढरे डाग दिसतात. ते तारेमुळे पडत नाहीत, साचलेल्या थरामुळे पडतात.

डॉक्टरांनी तोंडात अडकवायला रबर बँड दिले असतील तर जेवण आणि ब्रश सोडून दिवसभर, सांगितल्या तासांइतके लावा. शाळेत काढून ठेवले आणि रात्री दुप्पट लावले, असं चालत नाही.

तार निघाली की दात जुन्या जागी परतायला बघतात, म्हणून रिटेनर. तो गरम पाण्यात धुवू नका, वाकतो. जेवताना कागदी रुमालात गुंडाळून ठेवू नका, कचऱ्यात जातो, डबीतच ठेवा. काही दिवस न घातल्यामुळे बसेनासा झाला तर दाबून घालू नका, त्याच आठवड्यात दाखवून या.