लिनक्सवर वेबसाइटचं नाव सापडत नाही? आधी बघा, प्रश्न कुठं अडलाय

जुलै संपत आला की मराठवाड्यातल्या सेवा केंद्रांवर पीक विम्याची रांग लागते. नेमका तेव्हाच ब्राउझर म्हणतो, साइट सापडत नाही. रांगेतून कोणीतरी ‘नेट गेलं’ म्हणतं, केंद्रचालक राउटरची वायर काढून परत लावतो. त्याच वायफायवरच्या फोनवर व्हॉट्सॲपचे मेसेज मात्र येतच असतात. म्हणजे नेट गेलेलं नाही. साइटच्या नावावरून तिचा आकड्यांतला पत्ता काढून देणारी डीएनएसची साखळी कुठंतरी तुटली आहे.

अशा वेळी बहुतेक जण डोळे झाकून डीएनएस बदलतात आणि गूगलच्या डीएनएस सर्व्हरचा ८.८.८.८ हा आकडा टाकतात. कधी कधी तेवढ्यानं भागतंही. तरी माझा सल्ला असा की आधी अडलंय कुठं ते शोधा, मगच हात लावा. लिनक्समध्ये एकाच नावाचा पत्ता वेगवेगळे प्रोग्रॅम वेगवेगळ्या वाटेनं विचारतात. न शोधता बदल केला तर मूळ बिघाड तसाच राहतो, आणि वर तुमच्या बदलाची भर पडते.

खालच्या कमांड वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाईप करायच्या. स्पेलिंग फसवं आहे तिथं अक्षरं फोडून सांगितली आहेत.

नेट खरंच आहे का?

आयपी रूट

या कमांडच्या उत्तरात ‘डीफॉल्ट व्हाया’च्या पुढचा आकडा तुमच्या राउटरचा. आधी त्याला पिंग करा (म्हणजे छोटासा संदेश पाठवून उत्तर येतं का बघा), मग बाहेरच्या एका आकड्याला, आणि शेवटी एका नावाला:

पिंग -सी ३ १.१.१.१
पिंग -सी ३ एमआर.विकिपीडिया.ओआरजी

राउटरच उत्तर देत नसेल तर वायर, वायफाय किंवा राउटर बघा. राउटर बोलतोय पण बाहेरचा आकडा गप्प असेल तर लाइनवाल्याला फोन करा, डीएनएसचा इथं संबंध नाही. एक अपवाद लक्षात असू द्या: काही कॉलेजांच्या आणि ऑफिसांच्या नेटवर्कवर पिंग मुद्दाम बंद केलेला असतो. तिथं आकडा गप्प आहे एवढ्यावरून निकाल देऊ नका. आकड्याला पिंग जातो आणि नावाला जात नाही, असं असेल तर पुढं वाचा.

एरर पूर्ण वाचा

हे काम सगळ्यात कमी लोक करतात, आणि निम्मं उत्तर तिथंच असतं. नावाला पिंग केल्यावर सहसा दोनपैकी एक वाक्य येतं.

‘टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्युशन’ आलं तर यंत्राला कामाचं उत्तरच मिळालेलं नाही. सर्व्हरपर्यंत प्रश्न पोचला नसेल, किंवा पोचला पण सर्व्हर स्वतःच अडला असेल. अशा वेळी दोष नावात शोधू नका, वाटेत शोधा.

‘नेम ऑर सर्व्हिस नॉट नोन’ आलं तर कोणीतरी ठामपणे सांगितलंय की असं नाव नाही. मग स्पेलिंग तपासा, डोमेनची मुदत संपली का बघा. ते ‘नाही’ म्हणणारा कोण आहे हेही शोधावं लागेल. कर्ल (टर्मिनलमधून साइट उघडणारी कमांड) किंवा ब्राउझर या दोन गोष्टींतला फरक नीट दाखवत नाहीत, म्हणून पिंगचंच वाक्य धरा.

यंत्र आधी घरातच बघतं

नाव दिल्यावर लिनक्स लगेच डीएनएसकडे धावत नाही. कोणाला कोणत्या क्रमानं विचारायचं हे /ईटीसी/एनएसस्विच.कॉन्फ या फाइलमधल्या ‘होस्ट्स:’ ओळीवर ठरतं. त्या ओळीत सहसा पहिला शब्द ‘फाइल्स’ असतो, आणि ‘डीएनएस’ नंतर येतो. फाइल्स म्हणजे /ईटीसी/होस्ट्स.

मोंढ्यात माल घेऊन आलेल्या ट्रकवाल्याच्या वहीत आडत दुकानाचा गाळा नंबर लिहिलेला असेल तर तो फाटकावर कोणाला विचारत नाही, सरळ त्या गाळ्यावर जातो. दुकान मागच्या वर्षीच हललं असलं तरी. होस्ट्स फाइल ही तशी वही आहे. कोणीतरी पूर्वी तात्पुरती टाकलेली ओळ तिथं राहून जाते, साइटचा पत्ता बदलतो, आणि एकाच यंत्रावर एकच साइट उघडत नाही. तक्रार एवढी नेमकी असेल तर सगळ्यात आधी ही फाइल उघडा. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. त्याआधी सगळं नेटवर्क अशाच एका यादीवर चालायचं. ती यादी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवलेली असे आणि बाकीचे तिची नक्कल उतरवून घेत.

या पूर्ण वाटेनं विचारणारी कमांड अशी:

गेटएंट एहोस्ट्स एमआर.विकिपीडिया.ओआरजी

स्पेलिंग जी-ई-टी-ई-एन-टी, आणि पुढचा शब्द ए-एच-ओ-एस-टी-एस. बहुतेक प्रोग्रॅम जसं विचारतात तसंच ही विचारते. डिग आणि एनएसलुकअप या नेहमीच्या कमांड मात्र होस्ट्स फाइल बघतच नाहीत, थेट डीएनएस सर्व्हरला गाठतात. ‘डिग उत्तर देतोय, तरी प्रोग्रॅम चालत नाही’ या कोड्याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं.

दुसरा सापळा ‘.लोकल’चा. ऑफिसातल्या हिशेबाच्या सर्व्हरला बरेच जण ‘हिशेब.लोकल’ असं नाव देतात. हा शेवट जवळच्या यंत्रांनी एकमेकांना ओळखण्यासाठी राखीव आहे. उबुंटूसारख्या बऱ्याच यंत्रांवर होस्ट्स: ओळीत ‘एमडीएनएस४_मिनिमल’ आणि त्यानंतर ‘नॉटफाउंड=रिटर्न’ असतं. म्हणजे असं नाव शेजारी सापडलं नाही की शोध तिथंच थांबतो, ऑफिसच्या डीएनएस सर्व्हरला कोणी विचारतच नाही. ती ओळ मोडत बसण्यापेक्षा सर्व्हरचं नाव बदला. ‘.इंटर्नल’ हा शेवट २०२४ मध्ये आयकॅन या इंटरनेटवरची नावं सांभाळणाऱ्या संस्थेनं खासगी वापरासाठी राखून ठेवला आहे, तो घ्या.

यंत्र विचारतं कोणाला?

कॅट /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ

या फाइलच्या नावात व्हीनंतर ई नाही. पुढं येणाऱ्या रिझॉल्व्हसीटीएल या कमांडमध्ये मात्र आहे. इथं भलेभले अडखळतात.

फाइलमध्ये ‘नेमसर्व्हर १२७.०.०.५३’ दिसलं तर घाबरू नका. उबुंटू, मिंट, फेडोरा यांवर सिस्टमडी-रिझॉल्व्हड नावाची सेवा मध्यस्थी करते, हा तिचा पत्ता. ती पुढं कोणाला विचारते ते इथं दिसतं:

रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस

प्रत्येक जोडणीखाली तिचे सर्व्हर दिसतील. एकही दिसत नसेल तर राउटरनं पत्ता दिला पण डीएनएस दिलंच नाही. व्हीपीएन बंद करूनही त्याचाच सर्व्हर यादीत राहिला असेल तर चोर सापडला: व्हीपीएन पुन्हा जोडून नीट बंद करा, किंवा यंत्र रीस्टार्ट करा.

या यंत्रांवर रिझॉल्व्ह.कॉन्फ ही खरी फाइल नसते. ती /रन/सिस्टमडी/रिझॉल्व्ह/ मधल्या फाइलकडे बोट दाखवते. म्हणून तिच्यात हातानं लिहिलेलं टिकेल याचा भरवसा नाही. आणि यंत्र सुरू होताना सेवा उठलीच नाही तर हे बोट रिकाम्या जागेकडे राहू शकतं. ‘एलएस -एल’नं बघा, मग सेवा पुन्हा उठवा:

सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट सिस्टमडी-रिझॉल्व्हड

साध्या डेबियन सर्व्हरवर ही सेवा बहुधा नसते, तिथं फाइलमधले नेमसर्व्हर थेट वापरले जातात. त्यातले पहिले तीनच मोजले जातात, चौथा लिहून उपयोग नाही. एका सर्व्हरची वाट ५ सेकंद बघितली जाते, मग दुसऱ्याकडे प्रश्न जातो. त्यामुळे प्रत्येक साइट उघडते, पण दरवेळी ५ सेकंद थबकून, असं होत असेल तर यादीतला पहिला सर्व्हर मेलेला आहे असं समजा. लोक याला ‘नेट स्लो आहे’ म्हणतात आणि महागडा प्लॅन घेतात.

आता डिग

डिग सगळीकडे आधीपासून नसतो. डेबियन-उबुंटूवर डीएनएसयुटिल्स आणि फेडोरावर बाइंड-युटिल्स हे पॅकेज लागतं. नावं सापडत नसताना पॅकेजही उतरणार नाही, म्हणून सगळं ठीक असतानाच टाकून ठेवा.

डिग एमआर.विकिपीडिया.ओआरजी
डिग @१.१.१.१ एमआर.विकिपीडिया.ओआरजी

पहिली कमांड तुमच्या नेहमीच्या सर्व्हरला विचारते, दुसरी थेट बाहेरच्या सर्व्हरला (१.१.१.१ हा क्लाउडफ्लेअरचा, सगळ्यांना खुला डीएनएस सर्व्हर). पहिली अडते आणि दुसरी चालते, तर दोष राउटरचा किंवा नेट देणाऱ्याच्या सर्व्हरचा. दोन्ही गप्प असतील आणि आकड्याला पिंग जात असेल, तर वाटेत कोणीतरी ५३ नंबरचा पोर्ट अडवतंय, फायरवॉल बघा.

उत्तरात ‘स्टेटस’ शोधा. नोएरर आहे पण खाली पत्त्याची ओळ नाही, म्हणजे नाव आहे, पण त्याला तुम्ही मागितलेल्या प्रकारचा पत्ता नाही. एनएक्सडोमेन म्हणजे असं नावच नाही. रिफ्यूज्ड म्हणजे सर्व्हर तुम्हाला ओळखत नाही आणि उत्तर देणार नाही. सर्व्हफेल सगळ्यात त्रासदायक: सर्व्हरनं प्रयत्न केला पण जमलं नाही. तेव्हा ‘+सीडी’ जोडून पुन्हा विचारा. त्यानं उत्तर आलं तर अडचण डीएनएसएसईसीच्या, म्हणजे उत्तर अस्सल आहे का हे डिजिटल सहीवरून ताडण्याच्या, तपासणीत आहे.

ही तपासणी तुमच्याच यंत्रावर चालू असेल तर आधी घड्याळ बघा. जुन्या यंत्रातला सीआर२०३२ हा बटनासारखा सेल संपलेला असतो. लाइट जाऊन येते आणि तारीख कित्येक वर्षं मागं जाते. प्रत्येक सहीला मुदत असते, त्यामुळे आजची सही यंत्राला भविष्यातली वाटते आणि ते ती नाकारतं. गंमत पुढं आहे: वेळ दुरुस्त करणारा सर्व्हरही नावानंच शोधायचा असतो, आणि तेच नाव सापडत नाही. दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. तेव्हा टाइमडेटसीटीएलनं तारीख तपासा, चुकलेली असेल तर ‘सुडो डेट -एस’ आणि पुढं अवतरणात खरी तारीख-वेळ देऊन हातानं लावा. नंतर सेल बदला.

डिग चालतो, ब्राउझर अडतो

फायरफॉक्स आणि क्रोम यांना यंत्राचा डीएनएस बाजूला ठेवून स्वतःच्या सुरक्षित वाटेनं विचारता येतं. सेटिंगमध्ये ‘डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस’ शोधा, थोडा वेळ बंद करून बघा. प्रॉक्सीही तपासा. यंत्रानं लक्षात ठेवलेली जुनी उत्तरं पुसायची कमांड:

सुडो रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस

‘नाही’ हे उत्तरही लक्षात ठेवलं जातं. लातूरच्या एखाद्या क्लासवाल्यानं डोमेन घेतलं आणि नोंद होण्याआधीच उघडून बघितलं, तर ते ‘नाही’ त्याच्या यंत्रावर आणि वरच्या सर्व्हरवर काही काळ टिकतं. वरच्या सर्व्हरवरचं तुम्हाला पुसता येत नाही, थांबावं लागतं. डोमेन देवनागरीत ‘.भारत’चं असेल तर काही ठिकाणी ते एक्स-एन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या अक्षरांत दिसेल. ते बिघडलेलं नाही, आतलं रूप तसंच असतं. ऱ्हस्व-दीर्घ मात्र सांभाळा, ‘लातुर’ आणि ‘लातूर’ डीएनएसच्या लेखी दोन वेगळी नावं आहेत.

नाव सापडतं पण साइट अडखळते, असं असेल तर ‘कर्ल -४’ आणि ‘कर्ल -६’ दोन्हींनी उघडून बघा. फक्त ६ अडलं तर आयपीव्ही६ची, म्हणजे नव्या पद्धतीच्या पत्त्यांची, जोडणी बिघडलेली आहे, डीएनएसला सोडून द्या.

आता सर्व्हर बदला, गरज असेल तर

नेट देणाऱ्याचाच सर्व्हर खराब निघाला तर बदल नेटवर्क मॅनेजरमधून करा, म्हणजे तो टिकेल. ‘एनएमसीएलआय कनेक्शन शो’नं जोडणीचं नाव बघा, मग:

सुडो एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय "नाव" आयपीव्ही४.डीएनएस "१.१.१.१ ९.९.९.९" आयपीव्ही४.इग्नोर-ऑटो-डीएनएस येस
सुडो एनएमसीएलआय कनेक्शन अप "नाव"

राउटर आयपीव्ही६वरूनही डीएनएस देत असेल तर आयपीव्ही६.इग्नोर-ऑटो-डीएनएस हेही येस करा. नाहीतर जुना सर्व्हर यादीत तसाच राहतो.

लॅपटॉप छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या वसतिगृहातही न्यायचा असेल तर हा बदल फक्त घरच्या जोडणीपुरता ठेवा. लॉगिन पान असलेली बरीच वायफाय आपल्याच डीएनएसच्या जोरावर ते पान पुढं करतात. बाहेरचा सर्व्हर पक्का बसवला तर ते पान उघडतच नाही, आणि कॅम्पसमधली आतली नावंही सापडत नाहीत.

आणि रांग दारात उभी असताना एकाच साइटवर अडलं असेल, तर ‘डिग @१.१.१.१’नं मिळालेला आकडा होस्ट्स फाइलमध्ये टाकून वेळ मारून नेता येते. पण मोठ्या साइटचे पत्ते बदलत राहतात, तेव्हा काम झालं की त्याच संध्याकाळी ती ओळ काढा. नेट देणाऱ्याकडे तक्रार करताना ‘साइट चालत नाही’ एवढंच सांगू नका. डिगच्या दोन्ही उत्तरांतलं स्टेटस, सर्व्हरचा आकडा आणि वेळ लिहून पाठवा.