विज्ञानाच्या इतिहासाची पुस्तकं वाचताना या चुका टाळा

सनावळीनं रचलेलं पुस्तक वाचायला सोपं जातं, पण अडचणही तिथेच होते. आधीचं प्रकरण हे पुढच्याचं कारण वाटू लागतं.

सर्वांत मोठी चूक म्हणजे एका शोधाला एकच साल चिकटवणं. ऑक्सिजनच घ्या. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ शीलनं तो १७७१-७२च्या सुमारास मिळवला, पण त्याचं पुस्तक छापून आलं १७७७ मध्ये. दरम्यान १७७४ मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ प्रीस्टलीनं भिंगानं ऊन एकवटून पाऱ्याचं लाल भस्म तापवलं आणि तोच वायू मिळवला, शीलच्या कामाचा पत्ता नसताना. त्याला ती 'फ्लॉजिस्टन काढलेली हवा' वाटली (फ्लॉजिस्टन म्हणजे जळताना बाहेर पडतं असं तेव्हा मानलं जाणारं द्रव्य). हे मूलद्रव्य आहे हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझियेनं मांडलं. लेखक कोणतं साल धरतो, त्यावर शोधाचा मानकरी बदलतो.

यावर उपाय म्हणजे वहीत तीन रकाने आखा: दिसलं, छापलं, पटलं. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलपुढे १८६५, १८६६ आणि त्याच्या कामाकडे पुन्हा लक्ष गेलं ते १९०० येईल. त्याचं प्रकरण डार्विनच्या १८५९च्या ग्रंथाला लागून असेल, तर आनुवंशिकतेचं कोडं सात वर्षांत सुटलं असा समज होतो. मधली ३४ वर्षं पानांच्या फटीत हरवतात.

आपल्याजवळचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. सप्टेंबर १८५९च्या सौर वादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची आडवी तीव्रता सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी (नॅनोटेस्ला हे चुंबकक्षेत्र मोजायचं एकक) घसरल्याची नोंद आहे. त्या आकड्यांचं सविस्तर विश्लेषण २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात आज नवीन पनवेलला असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे शास्त्रज्ञ होते. 'दिसलं' आणि 'उलगडलं' यांत १४४ वर्षं!

दुसरी चूक म्हणजे कारण फक्त विज्ञानातच शोधणं. कुलाब्याचं चुंबकीय मापन १९०४ मध्ये अलिबागला गेलं ते मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या आणि त्यांच्या विद्युतप्रवाहानं मापन बिघडलं असतं म्हणून. १९०६ पर्यंत दोन्हीकडे नोंदी चालू ठेवल्या, म्हणून जुनी आणि नवी मालिका जोडता येते. अशा वळणांसाठी त्या काळातल्या शहराचा इतिहास शेजारी ठेवा.

ठाण्या-वाशीकडच्या वाचनगटांत प्रकरणं माणसागणिक वाटली, तर समांतर घडलेलं निसटतं. त्यापेक्षा सालं एकमेकांवर येणारी दोन प्रकरणं एकाच्याच हाती द्या आणि पहिल्या शास्त्रज्ञाचं काम दुसऱ्यानं खरंच वाचलं होतं का, एवढं आधी तपासायला सांगा.