रॉकचा अल्बम अख्खा कसा ऐकायचा

रॉक ऐकायला बसलेला माणूस आधी निवडक गाण्यांची यादी उघडतो. ते करू नका. एकच अल्बम घ्या आणि पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत ऐका. पहिला कोणता म्हणाल, तर डीप पर्पल या बँडचा 'मशीन हेड' (१९७२). सातच गाणी आहेत.

आधी फोन नीट करा. शफल (गाणी उलटसुलट क्रमाने लावणं) बंद, क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणं) बंद, इक्वलायझरमध्ये बास वाढवला असेल तर तो खाली. अल्बम घरीच डाउनलोड करून घ्या, शेतात रेंजचा भरवसा नसतो. वायरचा साधा इअरफोन पुरतो.

आमच्या रावेरकडे मोटारीची लाइट बऱ्याचदा रात्रीची असते. ठिबकचा एक व्हॉल्व्ह सोडला की पुढचा फिरवेपर्यंत केळीत दुसरं काम नसतं. ती वेळ अल्बमची. फक्त शेडमध्ये बसून ऐका. बागेत शिरताना इअरफोन काढलाच पाहिजे. साप आहे, बिबट्या आहे, कान मोकळे हवेत.

'मशीन हेड' स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या कसिनोत रेकॉर्ड व्हायचा होता. डिसेंबर १९७१ मध्ये फ्रँक झापाच्या कार्यक्रमात कसिनोच जळाला, मग बँडने बंद पडलेल्या ग्रँड हॉटेलात काम केलं. यात बँडच्या जॉन लॉर्डचा ऑर्गन, म्हणजे पेटीसारखं पट्ट्यांचं वाद्य, शोधा. तो गिटारच्या अँप्लिफायरमधून वाजवलाय, म्हणून गुरगुरतो आणि सुरुवातीला गिटारच वाटतो. 'लेझी' या गाण्याच्या आरंभी तो एकटा आहे. तिथे ओळख पटली की बाकीच्या गाण्यांतही सापडत जातो. मूळ तबकडीची पहिली बाजू चौथ्या गाण्याला संपते. तुम्हीही तिथे थांबा, व्हॉल्व्ह फिरवून या, मग पुढचं लावा.

नंतर लेड झेपेलिनचा चौथा अल्बम, १९७१चा. शेवटच्या गाण्यातला जॉन बॉनमचा ड्रम हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात जिन्याच्या पायथ्याशी, प्रवेशाच्या दालनात ठेवला होता आणि माइक वर जिन्यावर टांगले होते. रिकाम्या जिनिंगच्या शेडमध्ये कुणी ढोल बडवावा, तसा तो घुमतो. माझ्या मते रॉकमध्ये याहून चांगला ड्रम वाजलेला नाही.

पिंक फ्लॉइडचा 'डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) जो तो पहिला ऐकायला सांगतो. मी तिसरा सांगेन. त्यातलं बरंच काही हळू आवाजात घडतं, आणि तोवर कान तयार झालेला असतो.

नव्या अल्बमांसाठी माझी एक कसोटी आहे. आवाज अगदी कमी करा. ड्रमचा ठोका गिटारपासून वेगळा ऐकू येतो का? मेटॅलिकाच्या 'डेथ मॅग्नेटिक'मध्ये (२००८) येत नाही. गाणी दमदार आहेत, पण सगळं सारख्याच जोरात दाबून भरलंय. तीच गाणी 'गिटार हीरो' या गेममध्ये मोकळी वाजतात. रेडिओहेडचा 'इन रेनबोज' (२००७) या कसोटीला पुरून उरतो. त्यांच्याच 'ओके कॉम्प्युटर' या अल्बमपेक्षाही मी तो वर ठेवतो.

थंडीत भरीत पार्टीला स्पीकरवर काही लावायचं झालं, तर दिल्लीच्या ब्लडीवुड बँडचा 'रक्षक' (२०२२) लावा. मेटल, म्हणजे रॉकचाच जास्त दणकट प्रकार आहे, पण ढोल आपला ओळखीचा. अहिराणी गाण्यांवर नाचणारी पोरंही विचारतात, हे कोण? तेव्हा एखादं गाणं पाठवू नका, अख्ख्या अल्बमची लिंक पाठवा.