फाउंडेशनची शेड हळदीआधी ठरवा

लग्नाला महिनाभर उरला की मेकअपच्या सामानात आधी फाउंडेशन बघायचं. लिपस्टिकचे रंग नंतर निवांत ठरवता येतात. शेड बघायला सकाळी जा, कोऱ्या चेहऱ्याने जा आणि त्याआधी चार-पाच दिवस ब्लीच करू नका. ब्लीचने लव सोनेरी होते, कातडी लालसर राहते आणि त्या चेहऱ्यावर जुळवलेली शेड पुढच्या आठवड्यात परकी वाटते.

गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी हा झाला वरचा रंग. त्याखालची झाक, म्हणजे अंडरटोन, पिवळसर, गुलाबी, हिरवट किंवा यांच्या मधली असते. उन्हात रापलं तरी ती फारशी बदलत नाही. म्हणूनच सारख्या सावळ्या दोन बहिणींना एकच बाटली चालेल असं नाही. मनगटाच्या शिरा बघून झाक ओळखायची युक्ती सगळीकडे सांगतात, पण सावळ्या हातावर शिरा धड दिसतच नाहीत. त्यापेक्षा खिडकीपाशी उभं राहून हनुवटीखाली पांढरा कागद धरा. त्याच्या शेजारी कातडी पिवळी वाटते, गुलाबी की किंचित हिरवट-राखाडी, ते बघा. काहीच ठळक दिसलं नाही तर न्यूट्रल, म्हणजे मधल्या झाकेच्या, शेडपासून सुरुवात करा. बाटलीवरच्या अक्षरांवर मात्र विसंबू नका. मॅक या ब्रँडच्या शेडमध्ये ‘एनसी’ पिवळसर झाकेसाठी आणि ‘एनडब्ल्यू’ गुलाबीसाठी असतं. सी म्हणजे कूल, म्हणजे गुलाबी झाक, असं धरून घेणाऱ्यांची तिथे हमखास फसगत होते.

तीन शेड निवडा: एक अंदाजाची, एक तिच्याहून उजळ, एक गडद. जबड्याच्या कडेवर, गाल आणि मान जिथे मिळतात तिथे, तिन्हींचे उभे पट्टे ओढा. मनगटावर नको, हाताचा रंग वेगळा असतो. पंधरा मिनिटं थांबा, कारण द्रव सुकताना आणि त्वचेच्या तेलात मिसळताना बरीच फाउंडेशन गडद किंवा केशरट होतात. मग दुकानाबाहेर उन्हाच्या उजेडात आरसा धरा. जो पट्टा शोधावा लागतो, तो तुमचा. ‘एक शेड उजळ घ्या, फोटो छान येतील’ हा सल्ला काउंटरवर हमखास मिळतो. तो ऐकायचा नाही. उजळ शेडमध्ये पांढरा रंग, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, जास्त असतो आणि सावळ्या कातडीवर तो राख फासल्यासारखा दिसतो. चेहरा एका रंगाचा नि मान दुसऱ्या, हे तर वेगळंच.

डोळ्यांखाली आणि ओठांभोवती काळसरपणा असेल तर त्यावर थेट उजळ कन्सीलर, म्हणजे डाग झाकायचं क्रीम, लावला की तो भाग करडा दिसतो. आधी करेक्टर, म्हणजे काळसरपणा मारणारं रंगीत क्रीम, हवा: गव्हाळ रंगाला पीच, गडद सावळ्याला केशरी. तांदळाच्या दाण्याएवढा पुरतो, आणि फक्त काळ्या भागावर. त्यावर कन्सीलर जास्तीत जास्त एक शेड उजळ. मेकअप टिकावा म्हणून वरून लावायची पांढरी सेटिंग पावडर जाडसर राहिली तर फ्लॅशमध्ये पांढरे डाग उठतात. म्हणून ट्रायलच्या, म्हणजे लग्नाआधी मेकअप करून बघायच्या, दिवशी अंधाऱ्या खोलीत फ्लॅश मारून एक फोटो काढाच.

ब्लशला सावळ्या रंगावर विटकरी, जांभळट किंवा चक्क केशरी घ्या, फिका गुलाबी खडूसारखा बसतो. न्यूड लिपस्टिक ओठांच्या रंगाला धरून निवडा, कातडीहून फिकी नको.

कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडं फाउंडेशन लावून दोन दिवस खाज, पुरळ येतंय का बघा. हळदीचा पिवळेपणा एक-दोन दिवस राहतो, त्यामुळे हळदीनंतर नवीन शेड जुळवायला बसू नका. ट्रायलची शेड तीच ठेवा आणि ती कानांना, गळ्याला उतरवत न्या. अष्टपुत्री साडीचा पिवळा रंगही चेहऱ्यावर पडतो, तेव्हा ट्रायलला त्याच रंगाची ओढणी खांद्यावर घ्या.

लग्नाच्या पिशवीत टिपकागद, लिपस्टिक आणि छोट्या डबीत थोडं फाउंडेशन असू द्या. नथ जिथे घासते तिथला आणि मुंडावळ्यांच्या दोऱ्याखालचा मेकअप सगळ्यात आधी निघतो. घाम टिपून घ्या, पुसू नका, आणि मग ओलसर स्पंजने तेवढंच भरा.