इंग्रजी शब्दाचं मूळ शोधायचं कसं

शब्द आज जसा दिसतो त्यावरून माग काढायला जाऊ नका. आधी त्याचं सर्वांत जुनं लिखित रूप आणि त्याचा काळ शोधा. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात प्रत्येक अर्थाखाली जुनी उदाहरणं वर्षासकट असतात; व्युत्पत्तीच्या आधी ती वाचा. 'आयलंड'मधला मुका 'एस' पाहून कुणीही लॅटिन 'इन्सुला'कडे (अर्थ 'बेट') धावेल. पण जुन्या इंग्रजीत हा शब्द 'ईग्लंड' असा लिहिलेला सापडतो, त्यात 'एस' नाहीच. तो सोळाव्या शतकात, फ्रेंचमधून आलेल्या, बेट याच अर्थाच्या 'आइल'च्या ओढीने घुसला. 'इन्सुला'चा वारस 'आइल' आहे, 'आयलंड' नव्हे.

मग कोशातल्या खुणा नीट वाचा. रूपाआधीची चांदणी (*) म्हणजे ते रूप लिहिलेलं कुठेही मिळालेलं नाही, अभ्यासकांनी तुलनेतून बांधलेलं आहे. 'तुलना करा' यापुढचे शब्द बहुधा भाऊबंद असतात, पूर्वज नसतात. 'फादर'च्या नोंदीत जर्मन 'फाटर' दिसला, की शब्द जर्मनमधून आला असं समजण्याची चूक फार होते.

खरी कसोटी ध्वनींची. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने 1822मध्ये मांडलेल्या नियमानुसार लॅटिन 'प'च्या जागी वारशाने आलेल्या इंग्रजी शब्दात 'फ' येतो, 'ड'च्या जागी 'ट': 'पाटर' आणि 'फादर', 'डुओ' आणि 'टू'. 'पॅटर्नल'मध्ये 'प' तसाच राहिला, कारण तो लॅटिनमधून उसना घेतलेला आहे. आता 'डे' आणि लॅटिन 'डिएस' घ्या. दोन्हींचा अर्थ दिवस, सुरुवातही 'ड'ने. इथेच संशय यायला हवा, कारण नियमाने इंग्रजीत 'ट' हवा होता. ते नातलग नाहीतच. 'डिएस'चा खरा नातलग 'ट्यूज्डे'च्या पहिल्या भागात आहे: 'टीव' या जुन्या जर्मानिक देवाचं नाव. आपले 'देव' आणि 'दिवस' त्याच कुळातले.

उसन्या शब्दाचा प्रवास मात्र एकेक मुक्काम घेत मागे न्यावा. 'शुगर'चा असा: फ्रेंच, मध्ययुगीन लॅटिन, अरबी 'सुक्कर', फारसी 'शकर', संस्कृत 'शर्करा'. मधला मुक्काम गाळून थेट संस्कृतवर उडी मारली, की नुसतं साम्यही पुरावा वाटू लागतं. प्रत्येक मुक्कामी अर्थही टिपा. 'नाइस' लॅटिन 'नेस्कियुस'पासून निघाला, तेव्हा अर्थ 'अजाण' होता.

कधीकधी वाट मध्येच संपते. 'डॉग' जुन्या इंग्रजीत क्वचित 'डॉग्गा' असा मिळतो, त्यामागे खात्रीचं काहीच नाही. तिथे 'मूळ अज्ञात' लिहून थांबायचं.