इंग्रजी व्यंजनं ओळखायची कशी? आपल्या वर्णमालेचा हात धरून

ठाणे स्टेशनच्या पाटीवर रोमन लिपीत टी, एच, ए, एन, ई अशी अक्षरं आहेत. परप्रांतातून आलेला माणूस ती 'थाने' अशी वाचतो. इंग्रजी मातृभाषेचा पाहुणा ती 'थिंक'मधल्या पहिल्या आवाजाने सुरू करतो, आणि तो आवाज आपल्या थाळीतला थ नव्हे. म्हणजे टी-एच या एका जोडीत ठ, थ आणि इंग्रजीचा तो वेगळा आवाज, असे तिघे राहतात. ऐरोलीत संध्याकाळी नोकरदार मुलामुलींना इंग्रजी बोलायला शिकवताना मी पहिला तास या पाटीवरच घालवते. उच्चार शिकायचा तर अक्षरावरचा विश्वास आधी सोडावा लागतो.

इंग्रजीत व्यंजनांची अक्षरं २१, पण व्यंजनध्वनी २४. एक्स हे एकच अक्षर बहुतेक ठिकाणी 'क्स' असे दोन ध्वनी दाखवतं. लंडनच्या नदीच्या नावात टी-एच आहे, पण बोलताना ती 'टेम्झ' असते.

या २४ ध्वनींची ओळख पटायला तीन प्रश्न पुरतात. गळा थरथरतो का? हवा कुठे अडते? कशी अडते? ऐकायला नवं वाटेल, पण पहिलीत क, ख, ग, घ, ङ म्हणताना तुम्ही हेच पाठ केलं होतं. आपल्या वर्णमालेत प्रत्येक ओळ म्हणजे तोंडातली एक जागा. ओळीतले पहिले दोन वर्ण अघोष (गळा न थरथरणारे), पुढचे दोन घोष (गळा थरथरणारे), शेवटचा अनुनासिक (नाकातला). १८८६ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय ध्वनिविज्ञान संघटनेचा तक्ताही याच तत्त्वावर उभा आहे. फरक दिशेचा: आपण गळ्याकडून ओठांकडे येतो, तो तक्ता ओठांपासून गळ्याकडे जातो. मला ही गोष्ट दरवेळी शिकवताना आनंद देते, कारण मराठी माध्यमात शिकलेली मुलं इथे मागे नसतात, चार पावलं पुढे असतात.

आता एक छोटा आरसा आणि कागदाची पातळ पट्टी जवळ घ्या.

पायरी १: गळ्यावर बोटं ठेवा

दोन बोटं कंठमण्यावर ठेवून 'स्स्स्' असा लांब आवाज काढा. काही जाणवणार नाही. जीभ जराही न हलवता त्यातच आवाज मिसळा, भुंग्यासारखा. बोटांना थरथर लागली की तो 'झू' म्हणजे प्राणिसंग्रहालयाचा पहिला ध्वनी. आपल्या 'जावई'तला ज याच्या जवळचा आहे, 'जीव'मधला नाही. फक्त जावयाच्या ज मध्ये बरेच जण जीभ टेकवतात, इथे ती टेकवायची नाही. कुजबुजत सराव करू नका, कुजबुजताना घोष ध्वनीही अघोष होतात.

अशा आठ जोड्या आहेत: प-ब, ट-ड, क-ग, च-ज, फ-व्ह, स-झ, 'थिंक'चा आणि 'दिस'चा पहिला आवाज, आणि श व 'मेझर'मधला मधला आवाज. हा शेवटचा हवा असेल तर श लांबवा आणि गळा चालू करा. आठ जोड्यांचे सोळा झाले. उरलेल्या आठांत ह तेवढा अघोष. म, न, ङ, ल, र, य, व हे सगळे घोष.

याचा उपयोग लगेच होतो. 'कॅट्स'च्या शेवटी स, पण 'डॉग्ज'च्या शेवटी झ, कारण आधीचा ग घोष आहे. नेरूळच्या पुढचं 'सीवूड्स' आपण स ने संपवतो. इंग्रजीच्या नियमाने तिथे ड नंतर झ हवा.

पायरी २: जागा शोधा

आरशात पाहत ओठांपासून आत चला. प, ब, म ला दोन्ही ओठ मिटतात. फ आणि व्ह ला खालचा ओठ वरच्या दातांना लागतो. 'थिंक' आणि 'दिस'ला जीभ दातांशी. मग वरच्या दातांमागे हिरडीचा जो उंचवटा जिभेला लागतो, तिथे ट, ड, न, स, झ, ल. ही दंतमूलीय जागा, आणि इथेच आपली सर्वांत मोठी गफलत होते. मराठी त दातांवर, मराठी ट जीभ मागे वळवून. इंग्रजी टी या दोघांच्या मध्ये आहे. माझी युक्ती अशी: 'नळ'मधला न म्हणा आणि थांबा. जीभ जिथे टेकली आहे तिथून न हलवता 'टेन' म्हणा. दोन दिवसांत फरक कानाला कळतो.

त्याच्या थोडं मागे श, 'मेझर'चा आवाज, च, ज आणि र. इंग्रजी र ला जिभेचं टोक कुठेच लागत नाही, आपला र टाळूला टिचकी मारतो. य टाळूशी. क, ग, ङ मागच्या मऊ टाळूशी. ह थेट गळ्यातून.

ङ बद्दल एक सांगते. 'रंग' म्हणताना ग च्या आधी जे नाकात येतं, तोच हा. आपण त्याला ग जोडल्याशिवाय सोडत नाही. इंग्रजीत 'सिंगर'मध्ये ग नाही, 'फिंगर'मध्ये आहे. नेरूळचा ळ आणि घणसोलीचा ण मात्र इंग्रजीत कुठेच सापडणार नाहीत.

पायरी ३: हवा कशी अडते ते पाहा

आवाज लांबवता येतो का, ही पहिली कसोटी. प लांबवता येत नाही: हवा पूर्ण अडते आणि फुटते. असे स्फोटक सहा. स, श, फ लांबवता येतात, हवा फटीतून घासत जाते. असे घर्षक नऊ. च आणि ज आधी अडतात, मग घासतात, हे दोनच. नाक चिमटीत धरून म लांबवायला गेलात तर आवाज कोंडतो, म्हणजे म, न, ङ नाकातले. ल ची स्थिती घेऊन श्वास आत ओढा: जिभेच्या कडांना गार लागेल, कारण हवा बाजूंनी जाते. उरले र, य, व, ज्यांत हवा फारशी अडतच नाही.

याच कसोटीने 'थ्री'चा प्रश्न सुटतो. पहिला आवाज तीन सेकंद लांबवून पाहा. जमलं नाही तर तुम्ही आपला थ म्हणताय, जो स्फोटक आहे. जिभेचं टोक वरच्या दातांच्या कडेला हलकंच लावा, दाबू नका, आणि हवा वाहू द्या. त्यात गळा चालू केला की 'दिस', 'दॅट'. सुरुवातीला जीभ बाहेर दिसते म्हणून मुलं लाजतात. लाजू नका, ती दिसली तर तुमचं बरोबर चाललंय.

पायरी ४: कागदाची पट्टी

पट्टी ओठांपुढे चार बोटांवर धरा आणि 'पाणी' म्हणा, मग दोन्ही ओठ मिटून 'फळ'. पहिल्याला ती जेमतेम हलेल, दुसऱ्याला उडेल. हा अल्पप्राण आणि महाप्राण यांतला फरक. इंग्रजी 'पिन'ला पट्टी उडायला हवी, 'स्पिन'ला नको. शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क इंग्रजीत श्वासाच्या झोताने येतात, स नंतर तो झोत जातो.

मराठीत पळ आणि फळ वेगळे. इंग्रजीत हा फरक अर्थ बदलत नाही, म्हणून तिथल्या माणसाला तो ऐकूही येत नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली, त्या काळी इंग्रज या गावाचं नाव नुसत्या टी ने 'टॅना' असं लिहीत. त्यांच्या कानाला ठ आणि टी एकच. पण झोत नसला तर त्यांचा कान फसतो. फोनवर 'पी' सांगितलं की पलीकडचा 'बी' लिहून घेतो, अशी तक्रार माझ्याकडे एक विद्यार्थी घेऊन आला होता. आठवडाभर पट्टी उडवल्यावर ती तक्रार संपली.

पायरी ५: व आणि व्ह वेगळे करा

कळवा आणि वाशी. दोन्हीकडे आपला व तोच, पण रोमनमध्ये कळव्याला डब्ल्यू आणि वाशीला व्ही. आपला व या दोघांच्या मध्ये आहे: ओठ दातांजवळ जातो, घासत नाही. इंग्रजीत 'वेस्ट' म्हणजे पश्चिम, 'व्हेस्ट' म्हणजे बनियन. पहिल्यासाठी शिट्टी वाजवायला ओठ गोल करतो तसे करा, दात लांब ठेवा. दुसऱ्यासाठी खालचा ओठ दातांना लावून गुणगुणा, ओठाला गुदगुल्या झाल्या पाहिजेत. 'टीव्ही' आणि 'वॉच' लिहिताना मराठी लेखनाने हा भेद कधीच केलेला आहे. तोंडाने तेवढं लेखन पाळायचं.

पायरी ६: नाव द्या

आता प्रत्येक ध्वनीला तीन उत्तरांचं नाव मिळतं. प म्हणजे अघोष, द्व्योष्ठ्य (दोन्ही ओठांचा), स्फोटक. व्ह म्हणजे घोष, दंतोष्ठ्य (दात आणि ओठाचा), घर्षक. रोज पाच पुरेत, आणि ते गाडीत करता येतात. ठाण्याहून वाशीला जाताना इंग्रजीत घोषणा होते, 'नेक्स्ट स्टेशन'. न: घोष, दंतमूलीय, अनुनासिक. क: अघोष, मऊ टाळूचा, स्फोटक. स: अघोष, दंतमूलीय, घर्षक. मग 'स्टेशन'चा ट, स नंतर आलेला, म्हणून पट्टी हलणार नाही. पुढचा श तुम्ही सांगा, घणसोली यायच्या आत.