भिंतीला ओल चढतेय? आधी घराबाहेर जाऊन बघा

मराठवाड्यातल्या घरांना तळघर क्वचितच असतं, पण जोतं असतंच, आणि भिंतीच्या ओलीचं मूळ बहुतेक वेळा त्या जोत्याखाली असतं. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि प्यालेलं पाणी लवकर सोडत नाही. पाऊस उघडून पंधरा दिवस झाले तरी पायाजवळ ती ओलीच. समईच्या वातीत तेल चढावं तसं ते पाणी विटांतून, दगडांमधल्या मातीतून वर चढतं, साधारण 3 फुटांपर्यंत. पाणी उडून जातं, सोबत आलेले क्षार मागे राहतात. लोणा लागतो तो असा.

आधी ओल कुठून येते ते ठरवा. फरशीवर 2 फूट लांब-रुंद प्लास्टिक पसरा, चारी कडा चिकटपट्टीने बंद करा आणि दोन दिवस हात लावू नका. थेंब प्लास्टिकच्या खाली आले तर ओल जमिनीतली. वरच्या बाजूला आले तर हवेतल्या दमटपणामुळे शहाबादीला घाम सुटतोय. त्याला खिडक्या-झरोके मोकळे करणं पुरतं.

ओल जमिनीतली असेल तर पावसात छत्री घेऊन घराला एक फेरी मारा. पागोळ्या जोत्याला लागून पडतात का? न्हाणीचं पाणी भिंतीजवळ मुरतं का? रस्त्यावर दरवर्षी थर चढून जोतं बुडालंय का? बऱ्याच घरांचं दुखणं याच फेरीत सापडतं.

पुढची कामं उन्हाळ्यातच, मृगाआधी उरकायची. भिंतीला टेकलेली माती, राडारोडा, शेणाचा ढीग आधी काढा. जोत्याभोवती 3 फूट रुंदीत वरची काळी माती उपसून मुरूम घाला, पाणी मारून धुमसाने ठोका आणि वर फरशी किंवा कोबा करा. उतार घराबाहेर हवा, 3 फुटांत किमान 2 इंच. भिंत आणि फरशीमधली फट नीट बुजवा, कारण काळी माती उन्हाळ्यात आकसली की भेग तिथेच पडते. पन्हाळीचं पाणी नळीने लांब न्या. शोषखड्डा भिंतीपासून 10 फुटांच्या आत नको. काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही, म्हणून तो मुरूम लागेपर्यंत खोल घ्या.

आता भिंत. इथे फार घरं फसतात, आमचंही फसलं. माजघराच्या दगडमातीच्या भिंतीला गवंड्याने कमरेइतकं सिमेंट चोपडून दिलं. पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या पावसाळ्यात ओल सिमेंटच्या वर, छातीपर्यंत आली आणि ठोकलं की गिलावा पोकळ वाजू लागला. पाण्याला बाहेर पडायची वाट बुजवली की ते आणखी वर चढतं, आत चिखलाचा सांधा मऊ पडतो. 1993 साली किल्लारीच्या भूकंपात चिखलात रचलेल्या जड भिंतींनी काय केलं ते आपण पाहिलंय. असा सांधा ओला राहू देऊ नका.

म्हणून ओलीच्या रेषेवर फूटभरापर्यंत सगळा गिलावा काढा. लोणा कोरड्या ब्रशने झाडा. धुतलात तर तो विरघळून पुन्हा भिंतीत जातो. भिंत शक्य तितकी वाळू द्या. जाड भिंतीला एक उन्हाळा पुरत नाही. मग विरवलेला चुना 1 भाग आणि वाळू 3 भाग असा गिलावा पातळ थरांत करा, प्रत्येक थर सावकाश सुकू द्या. चुना हाताळताना डोळे आणि हात जपा. वरून चुन्याची सफेदीच. ऑइल पेंट लावला तर सिमेंटचीच गत होते.

नवं घर बांधत असाल तर जोत्याच्या माथ्यावर, भिंत सुरू होण्याआधी, दीड इंचाचा जलरोधक काँक्रीटचा थर टाकून घ्या. नंतर तो घालणं फार महागात पडतं.

ज्वारीची पोती फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. ओल्या कोपऱ्यात उधई आधी येते.

आणि आजच ओल जिथपर्यंत आली आहे तिथे पेन्सिलने रेघ ओढून तारीख लिहा. सिमेंट काढल्यावर आमच्या माजघरात तीन रेघा झाल्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा खाली. शेवटची घोट्याजवळ आहे.